एक कावड, दोन टोपल्या

(जिल्हा कार्यकर्ता मेळाव्यातील अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या अभ्यासवर्गात एका परक्या देशाची ओळख करून द्यायचे काम माझ्याकडे आले आहे. आपल्या बैठकांत अमेरिकेचे नाव निघते, युरोपचे निघते, इस्रायलच्या ठिबकचे तर फारच निघते. मी मुद्दाम व्हिएतनाम निवडला. हा देश मोसमी पावसावर जगणारा आहे, दाट वस्तीचा आहे, गुंठ्या-गुंठ्यांच्या शेतीचा आहे, आणि परक्यांचे राज्य त्यानेही सोसले आहे. व्हिएतनाम म्हटले की आपल्याला अमेरिकेबरोबरचे युद्ध आठवते. पण ज्या माणसांनी ते युद्ध सोसले ती बहुतेक भातशेती करणारी होती. त्यांची जमीन कशी, पाणी कसे, आणि ती उपाशी का राहिली व पुढे जगाला तांदूळ कशी विकू लागली, हे आपण पाहू.

देशाची ठेवण

व्हिएतनामचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडे जास्त. लोकसंख्या १० कोटींच्या आसपास. पण आकार अगदी वेगळा. उत्तर-दक्षिण लांबी १,६०० किलोमीटरहून अधिक, आणि मध्ये एके ठिकाणी रुंदी जेमतेम ५० किलोमीटर. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला डोंगर. तिथले लोक सांगतात की आमचा देश म्हणजे खांद्यावरची कावड आहे. दोन टोकांना तांदळाच्या दोन टोपल्या आणि मध्ये बारीक लवचिक दांडी. उत्तरेची टोपली लाल नदीची, दक्षिणेची टोपली मेकाँगची. यांच्या बाहेर तीन चतुर्थांश देश डोंगराळ आहे.

उत्तरेची टोपली आधी पाहू. लाल नदी चीनमधून लाल गाळ घेऊन येते. पावसाळ्यात तिचे पात्र आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहते, म्हणून शेकडो वर्षांपासून दोन्ही काठांना मातीचे बांध घातलेले आहेत. बांध फुटला की अख्खे तालुके पाण्याखाली. एकट्या कुटुंबाला हे बांध राखता येत नाहीत. त्यामुळे इथे गाव घट्ट झाले. राजधानी हनोई याच खोऱ्यात, १०१० साली वसवलेली. हिवाळा थंड, धुक्याचा, झिरमिर पावसाचा. वर्षात भाताची दोन पिके. एका कुटुंबाकडे जमीन किती? वीस-तीस गुंठे, आणि तीही चार-सहा ठिकाणी विखुरलेली.

टोपलीच्या वर डोंगर. फान्सिपान हे ३,१४० मीटरहून उंच शिखर तिथेच आहे. ह्मोंग, दाओ, ताय या जमाती डोंगर उतरंडीला कापून पायऱ्यांची खाचरे करतात, आणि जिथे खाचर होत नाही तिथे दगडांच्या फटींत मका टोबतात.

मधली दांडी हा सगळ्यात कष्टाचा मुलूख. समुद्र आणि डोंगर यांच्यात वाळूची, हलक्या जमिनीची पट्टी. पाऊस येतो तो आपला पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते डिसेंबरात, आणि वादळे घेऊन येतो. १८०२ ते १९४५ पर्यंतच्या राजघराण्याची राजधानी हुए इथलीच. त्याहून जुनी गोष्ट आपल्या जवळची आहे. या किनाऱ्यावर हजार वर्षांहून अधिक काळ चंपा नावाचे राज्य होते. राजांची नावे भद्रवर्मन, इंद्रवर्मन अशी, शिलालेख संस्कृतात, माय सन येथे शंकराची देवळे. १९६९ च्या अमेरिकन बाँबफेकीत तिथले मुख्य देऊळ पडले. अलीकडे भारताच्या पुरातत्त्व खात्याने उरलेल्या काही देवळांची डागडुजी केली, तेव्हा २०२० साली अखंड दगडाचे एक शिवलिंग मातीतून वर आले.

पण मला चंपाच्या देवळांपेक्षा चंपाचे भात जास्त महत्त्वाचे वाटते. ते हळवे वाण होते, लवकर तयार होणारे आणि कमी पाण्यावर तग धरणारे. १०१२ साली चीनच्या सम्राटाने दुष्काळावरचा उपाय म्हणून हे बी यांगत्सेच्या खोऱ्यात वाटले. चीनमध्ये वर्षाला दोन पिके घेणे पसरले त्यात या वाणाचा मोठा हात होता. ते निवडणाऱ्या, जपणाऱ्या शेतकऱ्याचे नाव मात्र कुठल्याही शिलालेखावर नाही.

दांडीच्या पश्चिमेला मध्य पठार. आपल्या दख्खनसारखाच ज्वालामुखीच्या खडकाचा मुलूख, पण पाऊस जास्त, म्हणून माती काळी न राहता महाबळेश्वराकडे असते तशी लाल झालेली. तिथे कॉफी होते. १८५७ साली फ्रेंच मिशनऱ्यांनी रोपे आणली. आज कॉफीत ब्राझीलच्या खालोखाल व्हिएतनामचा क्रमांक आहे, आणि काळ्या मिरीच्या निर्यातीत तर पहिला.

आता दक्षिणेची टोपली. मेकाँग तिबेटच्या पठारावरून निघते, सहा देशांतून वाहते आणि इथे फाटे फोडून समुद्राला मिळते. लोक तिला 'नऊ ड्रॅगनांची नदी' म्हणतात. जमीन सपाट, समुद्रापेक्षा थोडीशीच उंच, कालव्यांनी विणलेली. रस्त्यापेक्षा पाणी सोयीचे, म्हणून कान थोजवळ बाजारही होड्यांवर भरतो. आपल्या होडीत काय माल आहे ते दाखवायला शेतकरी उंच बांबूच्या टोकाला अननस नाही तर भोपळा टांगून ठेवतो. देशातला निम्म्याहून जास्त तांदूळ या एका खोऱ्यात पिकतो.

माणसे, भाषा, रीत

सरकारदप्तरी ५४ समाजगट आहेत. किन्ह म्हणजे मुख्य व्हिएतनामी लोक सुमारे ८५ टक्के, बहुतेक सपाटीवर. डोंगरात ताय, थाय, मुओंग, ह्मोंग, पठारावर एदे, जराय, मेकाँगकडे ख्मेर, आणि चंपाचे वंशज चाम, त्यांतले काही हिंदू चालीचे तर काही मुसलमान.

भाषा सुरांची. एकाच अक्षराचा सूर बदलला की अर्थ बदलतो, सूर सहा. लिपी मात्र रोमन. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी ती बसवली आणि १६५१ साली तिचा कोश रोममध्ये छापला. त्याच शतकात त्याच पंथाच्या फादर स्टीफन्सने गोव्याकडे मराठीत ख्रिस्तपुराण रचले होते.

शेतकऱ्याच्या भाषेत पिकाचे बारकावे असतात. इंग्रजाला शेतातले, पोत्यातले आणि ताटातले सगळे एकच 'राइस'. आपण साळ, तांदूळ, भात म्हणतो. व्हिएतनामीत तसेच लुआ, गाओ, कोम. जेवण करणे म्हणजे 'भात खाणे'. आणि पाण्याला जो शब्द आहे, नुओक, तोच देशालाही आहे. ज्यांनी हजार वर्षे पाणी अडवण्यात आणि काढून देण्यात घालवली त्यांना देश आणि पाणी वेगळे वाटले नाही, यात नवल नाही.

घराघरात पूर्वजांचा देव्हारा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत चांद्र नववर्ष येते, त्याला तेत म्हणतात. शहरात गेलेला पोरगा तेव्हा गावी आलाच पाहिजे. चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि डुकराचे मांस पानात चौकोनी बांधून रात्रभर उकडतात; ते बान्ह चुंग. उत्तरेत पाण्यावरच्या कठपुतळ्यांचा खेळ आहे. पाणी भरलेल्या शेतातळ्यांतून तो जन्मला. बाहुल्या पाण्यावर नांगरतात, लावणी करतात, आणि खेळवणारे पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात. गावाचे एक सभागृह असते, ग्रामदैवतही तिथेच. त्यांची जुनी म्हण आहे, तिचा अर्थ असा की राजाचा कायदा गावच्या चालीपुढे हरतो. आपण म्हणतो ना, गाव करील ते राव काय करील!

इतकी जमीन, इतके पाणी, तरी उपाशी

आता मुख्य मुद्दा. दोन तुडुंब टोपल्यांचा हा देश विसाव्या शतकात पुन्हा पुन्हा उपाशी राहिला. १९४४-४५ साली उत्तरेत दुष्काळ पडला. बळी कोणी चार लाख सांगते, कोणी वीस लाख. वादळ-पूर होते हे खरे. पण फ्रेंच आणि जपानी अधिकाऱ्यांनी भाताची सक्तीची लेव्ही वसूल केली, भात काढून ताग लावायला लावला, आणि युद्धामुळे दक्षिणेचा तांदूळ उत्तरेत पोचला नाही. बंगालमध्ये १९४३ साली जे झाले त्याचेच हे भावंड.

मग स्वातंत्र्य आले. १९५४ साली फ्रेंच हरले, देशाचे दोन तुकडे झाले. उत्तरेत १९५८ नंतर जमिनी सामुदायिक सहकारी शेतीत गेल्या. घंटा वाजली की शेतावर जायचे, कामाचे गुण वहीत मांडायचे, आणि सरकारचा वाटा, खर्च, अधिकाऱ्यांचा वाटा वजा जाता उरलेले भात गुणांप्रमाणे वाटायचे. परसबागेसाठी जेमतेम पाच टक्के जमीन कुटुंबाकडे. पण घरखर्चाचा मोठा भाग त्या पाच टक्क्यांतूनच निघे. माती तीच, माणूस तोच, हात तेच. फरक कशाने पडला ते तुम्हाला सांगायला नको.

एका माणसाने हे वेळीच ओळखले. विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी १९६६ साली शेते कुटुंबांना कराराने कसायला दिली. उत्पादन वाढले. वरून फटकार आली, योजना बंद झाली, त्यांना जाहीर आत्मटीका करावी लागली. १९७९ साली ते वारले, आणि १९८१ साली सरकारने त्याच वाटेवरचे पहिले पाऊल टाकले.

बियाणे नव्हते असेही नाही. १९७७ च्या सुमारास मेकाँगकडे तपकिरी तुडतुड्याने भात फस्त केले, तेव्हा व्हो तोंग झुआन या शास्त्रज्ञाने विद्यापीठाचे वर्ग बंद ठेवून विद्यार्थ्यांना आयआर-३६ चे थोडे थोडे बी देऊन गावोगाव पाठवले. हे वाण पंजाबच्या गुरुदेव खुश यांचे, आणि त्याच्या एका रोगप्रतिकारक गुणाचे मूळ उत्तर प्रदेशातल्या रानसाळीत. बी पोचले, पीक वाचले. तरीही सक्तीच्या खरेदीने आणि पडेल भावाने देशाचे पोट भरले नाही. १९८६ साली महागाई वर्षात सातशे टक्क्यांवर गेली. १९८८ च्या सुरुवातीला उत्तरेत लाखो लोकांना अन्न नव्हते.

१९८६ च्या डिसेंबरात पक्षाने 'दोई मोई' म्हणजे नवीकरणाचे धोरण घेतले, आणि एप्रिल १९८८ मध्ये दहा नंबरचा ठराव आला. जमीन कुटुंबाला लांब मुदतीने कसायला, पीक बाजारात विकायला मोकळीक. पुढच्याच वर्षी, १९८९ साली, या देशाने सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. कोणी म्हणेल, युद्धाची झळ ओसरली म्हणून झाले. पण अमेरिकेची व्यापारबंदी उठली १९९४ साली! कालवे, खते, वाण या सगळ्यांचा वाटा आहे, आणि शेतकी शिकलेल्या माणसाने तो नाकारू नये. पण ती सामग्री आदल्या वर्षीही होतीच.

टोपलीला पडलेली भोके

याचा अर्थ तिथे नंदनवन आहे असा नाही. जमिनीची मालकी अजूनही 'सर्व जनतेची', म्हणजे सरकारच्या हाती. १९९३ च्या कायद्याने कसण्याचा हक्क विकता, गहाण ठेवता, वारसाला देता येऊ लागला. त्यांचा सातबारा म्हणजे 'लाल पुस्तक'. पण कारखान्यासाठी, वसाहतीसाठी सरकार जमीन घेते तेव्हा मोबदल्यावरून भांडणे पेटतात. पठारावर कॉफीसाठी जंगल तुटले आणि एदे-जरायांच्या जमिनी गेल्या. २००१ च्या सुमारास कॉफीचा भाव कोसळला तेव्हा लावणाराच बुडाला. वरच्या देशांतल्या धरणांनी मेकाँगचा गाळ अडवला, वाळूउपशाने पात्र खोल गेले, आणि २०१६ व २०२० च्या उन्हाळ्यात खारे पाणी खूप आतवर शिरले. तिथले शेतकरी आता उन्हाळ्यात कोळंबी आणि पावसाळ्यात भात घेतात. कोकण-गोव्यातल्या खाजणवाल्यांना हे नवे नाही.

निर्यातबंदीचा वरवंटा तिथेही फिरला. २००८ साली भाव चढताच सरकारने नवे सौदे थांबवले. बंदी उठेपर्यंत भाव उतरला. उलट जुलै २०२३ मध्ये आपल्या सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०२४ पर्यंत. जगात भाव चढला, आणि त्या २०२३ साली व्हिएतनामने ८० लाख टनांहून अधिक तांदूळ विकला. आपल्या शेतकऱ्याला बांधून ठेवले तो भाव तिथल्या शेतकऱ्याच्या पदरात पडला. त्याचा मला मत्सर नाही. मला राग आहे तो दोरीचा.

आणि शेवटची गोष्ट. तिथे पक्ष एकच. शेतकऱ्यांची संघटना आहे, पण ती पक्षाच्या छत्राखालची. आज आपण इथे बसून सरकारला चार शब्द सुनावतो आहोत, तशी सभा तिथे भरत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे. कोणत्याही देशाचा नकाशा पाहाल तेव्हा नद्या, डोंगर, पाऊस जरूर पाहा. त्यावर पीक कोणते ते ठरते. मग चार प्रश्न विचारा. जमीन कोणाची? पीक कोण ठरवते? माल कुठे विकायचा हे कोण ठरवते? आणि जाच झाला तर ओरडायची मुभा आहे का? व्हिएतनामच्या शेतकऱ्याला यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर मिळाले, तेवढ्यावर त्याने देशाचे पोट भरून दाखवले. आपल्याकडे चौथ्याचे उत्तर आहे. बाकीच्या तिनांची उत्तरे मिळवायला ते वापरायचे आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावापुरती या चार प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत, एवढीच विनंती.