आमची आक्का आणि गळ्यातील ग्रंथी
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथमच सांगून टाकतो, आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि बँकेत कारकुनी करतो. विज्ञानाचा आणि आमचा संबंध दहावीलाच संपला. असे असूनही संप्रेरकांच्या विकारांवर बोलायचे आम्ही कबूल केले, कारण हा विषय आमच्या घरात शिरलेला आहे.

आमची थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो. 2014 साली ती बेचाळीस वर्षांची होती. पहाटे पाचला उठून साऱ्या घराचे आवरणारी बाई. तिला हळूहळू दुपारी बसल्या जागी झोप लागू लागली. चेहरा सुजल्यासारखा दिसे, आवाज घोगरा झाला, केस गळू लागले. एप्रिलच्या उकाड्यात ती पांघरूण मागे. सासरी म्हणू लागले, अंगात आळस भरलाय. जवळच्या डॉक्टरांनी दोन वर्षे लोहाच्या गोळ्या आणि ताकदीची इंजेक्शने दिली. एका नातेवाईक बाईंनी बाहेरचे काही आहे म्हणून अंगाराही आणला. आणि आम्ही, घरातले शिकलेले भाऊ, आम्ही काय केले? "आक्के, जरा हिंडत फिरत जा, बरं वाटेल," एवढाच उपदेश केला. हे आज या व्यासपीठावरून सांगताना आम्हाला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे.

शेवटी शेजारच्या एका परिचारिका ताईंनी तिच्याकडे पाहून विचारले, "थायरॉईड तपासलंय का कधी?" रक्त तपासले. ज्या टी.एस.एच.चा आकडा साधारण चारच्या आत असावा, तो नव्वदच्या वर होता.

पाठ्यपुस्तकात हिला अवटू ग्रंथी म्हणतात. गळ्यात श्वासनलिकेच्या पुढे फुलपाखरासारखी बसलेली ही लहानशी ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. शरीराची उष्णता, हृदयाचे ठोके, मुलांची वाढ, मेंदूची घडण या सर्वांवर त्याचा अंमल चालतो. रक्तात ते कमी पडले की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. नावाचे दुसरे संप्रेरक सोडते. आमच्या भाषेत, मुख्य कार्यालयाकडून शाखेला स्मरणपत्रे सुटतात. शाखेचे काम जितके कमी, तितकी स्मरणपत्रे जास्त. आक्काच्या रक्तात स्मरणपत्रांचा ढीग साचला होता, पण शाखेत काम करणारेच कोणी उरले नव्हते.

या रोगावर उपाय कसा सापडला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने 1891 साली सेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बाई अगदी आक्कासारखीच सुजलेली, मंदावलेली होती. काही महिन्यांत ती बोलू-चालू लागली. पुढे अर्क पोटात घेण्याची सोय झाली आणि ती आणखी अठ्ठावीस वर्षे जगून 1919 मध्ये वारली. तेवढ्या काळात तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या असा हिशेब मरे यांनी ठेवला होता. हिशेब ठेवणारा डॉक्टर आम्हाला फार आवडतो. 1914 मध्ये केंडॉल यांनी अमेरिकेत थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे काढले, 1927 पर्यंत हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. आता मेंढीची गरज राहिलेली नाही.

परंतु एकाला गुण आला म्हणून सर्वांना येईल असे नव्हे. औषधाने गुण आला की आपोआप आला, हे ठरवायला दोन गट लागतात. अमेरिकेतील ॲक्रन शहरात डेव्हिड मरीन आणि किंबॉल यांनी 1917 पासून शाळेतील मुलींवर हे करून पाहिले. ज्या 2,190 मुलींनी आयोडीनचे क्षार घेतले, त्यांच्यापैकी फक्त 5 जणींचा गळा वाढला. ज्या 2,305 मुलींनी घेतले नाहीत, त्यांच्यापैकी 495 जणींचा वाढला. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन मिळाले नाही की स्मरणपत्रांच्या माऱ्याखाली ग्रंथी फुगत जाते. तोच गलगंड.

आता आपल्या देशातले सांगतो, आणि यावर थोडा वेळ घेतो. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोरे आहे. आज ते हिमाचल प्रदेशात आहे, त्या वेळी पंजाबात होते. पाऊस आणि बर्फाने तिथल्या मातीतले आयोडीन वाहून जाते. 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पाहणी केली. सुमारे एक लाख वस्तीच्या या भागात शंभरात जवळजवळ चाळीस लोकांना गलगंड होता. त्यांनी खोऱ्याचे अ, ब आणि क असे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीन घातलेले मीठ मिळे, एकाला पोटॅशियम आयोडाइडचे आणि दुसऱ्याला आयोडेटचे. ब विभागाला साधे मीठ मिळे. मीठच का? कारण गरीब असो वा सावकार, मीठ सगळेच खातात आणि रोज जवळपास सारखेच खातात. सहा वर्षांनी 1962 मध्ये पुन्हा गळे तपासले. आयोडीनच्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले होते. ब विभागात ते होते तिथेच होते. त्यानंतर ब विभागालाही आयोडीनचे मीठ सुरू झाले आणि पुढच्या पाहण्यांत तिथलाही गलगंड उतरला.

विद्यार्थी मित्रहो, इथे तुमच्या मनात एक प्रश्न यायला हवा. ब विभागातल्या मुलांचे काय? मरीन यांचे आकडे तर आधीच उपलब्ध होते. आम्ही यावर बराच विचार केला. एका बाजूने वाटते, सहा वर्षे ही फार झाली, आणि तोटा सोसणारे लोक नेहमीप्रमाणे गरीब खेड्यांतले होते. दुसऱ्या बाजूने असे की, पक्का पुरावा नसता तर एवढ्या मोठ्या देशात मीठ बदलायला सरकारने हात घातला असता का? 1962 मध्येच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला हे खरे. तरीही आज असा प्रयोग करायचा तर तिथल्या लोकांना समजावून त्यांची संमती घ्यावी लागेल, आणि ते योग्यच आहे असे आमचे मत आहे. नुसता आकडा वाचू नये, त्या आकड्यात कोण बसले आहे तेही पाहावे.

आयोडीन नसलेले खाण्याचे मीठ विकण्यावरची केंद्राची बंदी 2000 साली उठली आणि 2006 मध्ये पुन्हा लागू झाली. घरी येणाऱ्या मिठात दशलक्ष भागांमागे किमान पंधरा भाग आयोडीन असले पाहिजे. म्हणून सुटे जाडे मीठ घेण्यापेक्षा पाकिटावरची खूण पाहून घ्यावे, झाकण लावून ठेवावे, चुलीशेजारी ठेवू नये.

एक खुलासा मात्र आवश्यक आहे. आक्काचा आजार मिठाने झाला नव्हता, मिठाने बराही होणार नव्हता. तिच्या शरीराची संरक्षक यंत्रणाच तिच्या ग्रंथीवर उलटली होती. हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये या प्रकारचे वर्णन केले. त्याला थायरॉक्सिनची गोळीच लागते. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तास दूर ठेवायची. मात्रा बदलली की साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचे.

आक्काला तीन महिन्यांत फरक पडला. सहाव्या महिन्यात ती पूर्वीसारखी हसू लागली आणि तिने गोळी बंद केली! बरे वाटतेय मग औषध कशाला, शिवाय रोज गोळी घेतली की सवय लागते, असे कोणी तरी सांगितले होते. चार महिन्यांत पुन्हा पांघरूण आले. ही सवय नव्हे. शरीर जे बनवत नाही ते बाहेरून भरून देणे आहे. तिला हे समजावायला डॉक्टरांपेक्षा आमचा चष्मा उपयोगी पडला. आम्ही म्हटले, "आक्के, मी चष्मा लावला की मला दिसतं. दिसतं म्हणून तो काढून ठेवू का?"

मुलींच्या बाबतीत तर ढिलाई नकोच. पोटातल्या बाळाचा मेंदू सुरुवातीला आईच्याच थायरॉक्सिनवर घडतो. म्हणून गोळी चालू असलेल्या मुलीला दिवस गेले की तिने ताबडतोब डॉक्टरांना सांगावे, गोळी बंद करू नये. बहुधा मात्रा वाढवावी लागते. काही बाळे जन्मतःच या ग्रंथीशिवाय किंवा दुबळ्या ग्रंथीची येतात. भारतातील पाहणीत साधारण हजार-बाराशे बाळांमागे असे एक आढळले आहे. बाळ दिसायला चांगले असते, शांत झोपते, आणि घरचे म्हणतात किती गुणी पोर आहे. मेंदूचे नुकसान आतल्या आत होत राहते. कॅनडात क्वेबेक प्रांतात डॉ. दुसो यांनी 1970 च्या दशकात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन हे ओळखण्याची रीत सुरू केली. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते मूल शाळेत इतरांच्या बरोबरीने बसते. आपल्याकडे ही तपासणी सर्व ठिकाणी आपोआप होत नाही. बाळंतपणाच्या वेळी ती मागून घ्यावी लागते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी, टाचेतले रक्त, थायरॉईडसाठी, एवढे तीन शब्दसमूह लिहून घ्या.

आक्का आज या सभागृहात बसलेली आहे. इकडे येण्यासाठी ती सकाळी साडेपाचला उठली, गोळी घेतली आणि आम्हाला फोन करून विचारले, "भाषणात माझं नाव घेणार नाहीस ना?" आम्ही नाव घेतलेले नाही. पण सभा संपल्यावर कोणा बहिणीला काही विचारायचे असेल, तर तिसऱ्या रांगेत हिरव्या पातळात बसलेल्या बाईंना खुशाल विचारावे. त्यांची त्याला हरकत नाही.