बालवाचकांचा सोबती : भा. रा. भागवत

मुलांसाठीं लिहिणें हें फारसें अवघड काम नव्हे, असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही आढळतो. एक राजा, एक राक्षस आणि शेवटीं एक तात्पर्य, एवढें जुळलें कीं बालवाङ्मय सिद्ध झालें, असें मानलें जातें. हा समज किती उणा आहे हें भास्कर रामचंद्र भागवत यांच्या लेखनावरून चांगलें कळून येतें.

भागवतांचा जन्म ३१ मे १९१० रोजीं इंदूर येथें झाला. दिल्लीच्या नभोवाणी केंद्रावर त्यांनीं कांहीं काळ काम केलें. पुढें १९४२ च्या चळवळींत ते पडले आणि तुरुंगवासही त्यांनीं भोगला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत त्यांनीं मुलांसाठीं ‘बालमित्र’ हें मासिक चालविलें. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत यांनींही मुलांसाठीं विपुल लेखन केलें. मुलांची करमणूक हें त्या घरांत फावल्या वेळचें काम नव्हतें. तें व्रत होतें.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराला भागवतांनीं मराठी मुलांच्या भेटीस आणलें. व्हर्नच्या १८६५ सालच्या चंद्रप्रवासाच्या कथेला त्यांनीं ‘चंद्रावर स्वारी’ असें नांव दिलें. भूगर्भांत उतरणाऱ्या प्रवाशांची कथा ‘पाताळलोकची अद्भुत सफर’ झाली, तर धूमकेतूवरील प्रवासाची कथा ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. हीं नांवें लक्षपूर्वक पाहावींत. ‘स्वारी’ हा शब्द बखरींतला, ‘पाताळ’ पुराणांतला, आणि ‘शेंडेनक्षत्र’ आजीच्या तोंडचा. शास्त्र नवें, पण त्याचा दरवाजा ओळखीचा. म्हणूनच मूल त्या दरवाजांतून न बिचकतां आंत शिरलें.

मात्र भागवतांचें नांव घरोघरीं झालें तें ‘फास्टर फेणे’मुळें. बनेश फेणे हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा. तो पुण्यास विद्याभवन शाळेंत शिकतो आणि सायकल भरधाव हांकतो. तो राजपुत्र नाहीं, कीं त्याच्यापाशीं कोणतीही जादू नाहीं. उघडे डोळे, चपळ पाय आणि गोष्टीच्या मुळाशीं गेल्याखेरीज न थांबणारी जिज्ञासा हेंच त्याचें भांडवल. संकटाला तो पाठ दाखवीत नाहीं. मात्र यावरून बोध घ्या, असें लेखक कोठेंही बजावीत नाहीं. बोध वाचकाच्या मनांत आपोआप उतरतो. फेणेच्या जोडीला बिपिन बुकलवार हा पुस्तकवेडा मुलगाही भागवतांनींच निर्माण केला. धाडस आणि वाचन यांत वैर नाहीं, हें या दोन मुलांनीं दाखवून दिलें.

भागवत हें लेखन करीत होते त्याच काळांत पुण्याच्या शेजारीं एक नवें जग उभें राहत होतें. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीन तयार करण्यासाठीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्याची स्थापना झाली. पुढें चिंचवड, भोसरी आणि चाकणपर्यंत कारखाने पसरले, आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबें तेथें येऊन वसलीं. या वसाहतींतील मूल यंत्राच्या आवाजांतच वाढतें. वडील पाळीवरून घरीं येतात ते यंत्रापासूनच. परंतु यंत्र जवळ असणें निराळें आणि त्याविषयीं कुतूहल वाटणें निराळें. क्रमिक पुस्तक माहिती देतें. कुतूहल जागवितें तें आवडीनें वाचलेलें पुस्तक. तें पुस्तक मातृभाषेंत हातीं आलें नाहीं, तर त्या मुलाची मराठी बाजारापुरती आणि घरांतल्या हुकुमांपुरती उरेल. हा तोटा परीक्षेच्या गुणपत्रिकेंत दिसत नाहीं, म्हणूनच तो अधिक घातक होय.

१९८७ सालीं फेणे दूरदर्शनवर आला. २७ ऑक्टोबर २००१ रोजीं भागवत निवर्तले. २०१७ सालच्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटांत दिलीप प्रभावळकर यांनीं खुद्द भागवतांचीच भूमिका केली. मानसपुत्राच्या कथेंत लेखकही एक पात्र होऊन बसला, हा मान थोड्यांच्याच वांट्यास येतो. परंतु भागवतांचें खरें स्मारक पडद्यावर व्हावयाचें नाहीं. सुटींत एखादा मुलगा किंवा मुलगी जेवणाची हांक न ऐकतां मराठी पुस्तकांत गढून जाईल, तेथें तें होईल. आईबापांनीं एवढेंच करावें : पुस्तक आणून द्यावें, आणि वाचून झाल्यावर ‘यांतून काय शिकलास?’ असें मात्र विचारूं नये.