हजार पट वेगवान मेमरी गेली कुठे?

आज अशा एका मेमरीची गोष्ट, जी आत्तापर्यंत तुमच्या-माझ्या लॅपटॉपमध्ये असायला हवी होती. पण नाहीये.

जुलै २०१५. मी इंजिनिअरिंगला नुकताच लागलो होतो. इंटेल आणि मायक्रॉननं थ्रीडी क्रॉसपॉइंट नावाची नवी मेमरी जाहीर केली. दावा काय, तर एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीपेक्षा १००० पटींपर्यंत वेगवान! वर लाईट गेली तरी डेटा शाबूत. हॉस्टेलवर आम्ही ठरवूनच टाकलं, आता रॅम आणि डिस्क वेगळं राहणारच नाही.

२०१७ मध्ये ती ऑप्टेन नावानं बाजारात आली. सर्व्हरच्या ऑप्टेन ड्राइव्हला डेटा वाचायला साधारण १० मायक्रोसेकंद लागायचे, फ्लॅशवाल्याला ८० ते १००. म्हणजे आठ-दहा पट. भारीच की! पण १००० कुठे?

आता समजा, पुण्यातल्या घरून मुंबईच्या ऑफिसला जायचंय. ट्रेनला तीन तास, रिक्षा आणि लोकल मिळून दोन. उद्या ट्रेन १००० पट वेगवान झाली, तरी ते दोन तास तसेच. पाचाचे दोन झाले. अडीच पट, बस्स! ऑप्टेनचं हेच झालं. वेग मेमरीचा वाढला. कंट्रोलर, बस, ऑपरेटिंग सिस्टीम यांचा वेळ तसाच राहिला. याला अ‍ॅमडाहलचा नियम म्हणतात.

२०१९ मध्ये थेट रॅमच्या स्लॉटमध्ये बसणारी ऑप्टेनही आली. पण ती रॅमपेक्षा हळू आणि फ्लॅशपेक्षा महाग. अधेमधेच अडकली. मार्च २०२१ मध्ये मायक्रॉननं हात काढून घेतला. जुलै २०२२ मध्ये इंटेलनं धंदा गुंडाळताना ५५.९ कोटी डॉलरचा माल तोट्यात टाकला.

हसू नका, मीही हेच केलंय. ऑफिसात एक फंक्शन ५० पट फास्ट केलं, टीमसमोर मिरवलं. सीनियर ताईनं पेज उघडलं. जैसे थे! सगळा वेळ नेटवर्कवर जात होता. मी ते मोजलंच नव्हतं. कान लाल झाले, पण तेव्हापासून आधी मोजतो, मग कोड लिहितो.

तर पुढचा फोन घेताना बॉक्सवर ‘इतके पट वेगवान’ दिसलं, की एकच विचारा: कशाचा वेग? आणि तुमचा वेळ जातो तिथला का?

भेटू पुढच्या भागात!