अर्जात तुमचा प्रश्न लिहा
(मुरुम येथे बारावीच्या विद्यार्थी-पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मुलांनो, मुलींनो आणि मागे बसलेल्या पालकांनो,

मी मुरुमचाच. बारावीपर्यंत इथं शिकलो, मग इंजिनीअरिंग केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. बारावीनंतरच्या प्रवेशांबद्दल बोला, असं मला सांगितलंय. बोलतो. पण आधी माझी एक चूक सांगतो, कारण ती माझ्या भाचीला महागात पडली.

माझ्या वेळी प्रवेश म्हणजे आकड्यांचा खेळ होता. गुण, रँक, कॉलेजांची यादी. तुला काय शिकायचंय, का शिकायचंय, हे मला चार वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आता काही ठिकाणी हाच प्रश्न अर्जात पहिला येतो.

काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी एकेका सूत्रावर छोटे वर्ग चालतात. पाणी, शहर, न्याय, स्मृती असं एखादं सूत्र घ्यायचं, त्यावर इतिहासापासून विज्ञानापर्यंत वाचायचं, प्राध्यापकांसमोर बसून वाद घालायचा, लिहायचं. अमेरिकेत येल विद्यापीठाचा ‘डायरेक्टेड स्टडीज’ 1946 मध्ये सुरू झाला, हार्वर्डचे पहिल्या वर्षाचे सेमिनार 1959 मध्ये. विद्यापीठात प्रवेश मिळाला तरी या वर्गांसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आपल्याकडे अशोका आणि अझीम प्रेमजी विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या मुलाला सुरुवातीला काही पायाभूत विषय एकत्र शिकावे लागतात. आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूरला, टाटा समाजविज्ञान संस्थेचं, म्हणजे ‘टिस’चं केंद्र आहे. आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे साध्या कॉलेजातही आपल्या शाखेबाहेरचा विषय निवडावा लागतो. म्हणजे निवडीचा प्रश्न आता सगळ्यांसमोर आहे.

तर माझी भाची. तिनं एका विद्यापीठात अर्ज केला. सूत्र निवडलं ‘स्मृती आणि दस्तऐवज’. पाचशे शब्दांत लिहायचं होतं: हे सूत्र तुम्हाला का हवं?

तिनं वहीत लिहिलं ते माझ्या अब्बांबद्दल. अब्बांचं शिलाईचं दुकान. पण दुकानात कपडे घेऊन येणाऱ्यांइतकीच कागद घेऊन येणारी माणसं असायची. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातले जमिनीचे, वारसाचे किती तरी कागद उर्दूत आहेत, आणि तेही शिकस्ता लिपीत, म्हणजे घाईच्या, मोडक्या वळणाच्या अक्षरात. छापील उर्दू वाचणाऱ्यालाही ते अक्षर लागत नाही. अब्बा ते त्यांच्या वडिलांकडून शिकले. पाटील येत, मांग-महार येत, लिंगायत व्यापारी येत. अब्बा मशीन थांबवून कागद वाचत आणि मराठीत सांगत. पैसे घेत नसत, फार तर चहा.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद सगळ्या महाराष्ट्राच्या चर्चेत आले. भाचीचा प्रश्न तिथून निघाला. तिनं लिहिलं होतं: नानांना आता नीट दिसत नाही. नानांनंतर गावाचे कागद कोण वाचणार? आणि जो वाचतो त्याच्यावर गाव विश्वास का ठेवतं?

तिनं वही मला दाखवली. मी म्हणालो, हे घरगुती झालं. मोठ्या विद्यापीठाला मोठं काही तरी लागतं. मी एका रात्रीत कॉम्प्युटरच्या मदतीनं अर्ज ‘सुधारला’. त्यात जागतिकीकरण आलं, डिजिटल क्रांती आली, भारताची सांस्कृतिक विविधता आली. इंग्रजी एकदम चकचकीत. शिलाईचं दुकान गेलं. तिनं वाचलं आणि हळूच म्हणाली, ‘मामू, ये मेरा नै लगरा.’ मी म्हणालो, तुला कळत नाही, पाठव.

मुलाखतीला बोलावलं. मला वाटलं, जिंकलो. मुलाखतीत त्यांनी अर्जातलंच एक वाक्य वाचून विचारलं, याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा. ते वाक्य माझंही नव्हतं, मशीनचं होतं. पोरगी गप्प बसली. निवड झाली नाही. घरी येऊन ती रडली नाही, मला काही बोललीही नाही. त्याचंच जास्त लागलं.

रात्री मी तिची वही पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आलं की मला त्या दुकानाची लाज वाटली होती. शिकल्या-सवरलेल्या लोकांपुढे आपलं शिलाई मशीन, आपली दखनी बोली झाकून ठेवायची सवय मला इंजिनीअरिंगपासून लागली. आणि ती मी एका रात्रीत तिच्या अर्जात घातली.

आपल्या समाजात आपण मुलांना दोन गोष्टी शिकवतो: मान खाली घालून शीक, आणि विचारू नकोस. पहिल्या वर्षाचे हे वर्ग मुलांनी विचारावं यासाठीच आहेत. प्रश्न घेऊन न जाणाऱ्याला तिथं काही मिळणार नाही.

आता कामाचं सांगतो. एक, विद्यापीठाचं नाव बघण्याआधी सूत्रं आणि विषय वाचा. दोन, तुमचा प्रश्न आधी घरच्या भाषेत लिहा, मग अर्जाच्या भाषेत न्या. भाषा कुणी तपासली तर चालेल, पण तुम्हाला समजावून सांगता येणार नाही असं एकही वाक्य ठेवू नका. तीन, फीचा आकडा बघून पान बंद करू नका. अझीम प्रेमजीसारख्या ठिकाणी घरच्या उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती मिळते, तिचे नियम वाचा. चार, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, लागू असेल तर जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेअर, यांसाठी आत्ताच अर्ज करा. निकालानंतर उमरग्याला तहसीलमध्ये गर्दी होते. पाच, पालकांनो, मुलगी बाहेरगावी शिकायला जाणार असेल तर वसतिगृह स्वतः जाऊन बघा, शंका असतील त्या तिथं विचारा. पण घरी बसून नाही म्हणू नका.

भाचीनं वर्ष वाया घालवलं नाही. इथंच कॉलेजला प्रवेश घेतला, आणि संध्याकाळी ती नानांजवळ बसून शिकस्ता शिकते. अब्बांना दिसत नाही, म्हणून ती अक्षराचं वळण बोटानं त्यांच्या तळहातावर काढते आणि ते सांगतात, हा ‘काफ’ आहे, हा ‘लाम’. यंदा तिनं पुन्हा अर्ज केलाय, वहीतल्या त्याच मजकुराचा. निकाल यायचाय. लागेल तसा लागो. आठवड्यापूर्वी एक शेतकरी कागद घेऊन आला तेव्हा पहिल्या चार ओळी तिनं वाचल्या.

भाषणानंतर मी तासभर इथंच बसणार आहे. आपापले अर्ज घेऊन या. मी वाचीन, प्रश्न विचारीन. लिहून मात्र देणार नाही.