लग्नाचा दंड कोणी भरावयाचा?



वैशाख हा आपल्या वऱ्हाडात जसा उन्हाचा, तसाच लग्नांचा महिना. दिवसभर वाजंत्री ऐकून आपण संध्याकाळी येथे बसला आहात, म्हणून मीही लग्नाचाच विषय घेतला आहे. मात्र तो जेवणावळीचा नाही, दंडाचा आहे. लग्न नियम सोडून झाले म्हणजे समाज काही तरी शिक्षा करतो. विधी चुकला, वय कमी पडले, जात निराळी निघाली, नवरी विधवा होती किंवा पहिली बायको हयात होती, अशी कारणे अनेक असतात. परंतु शिक्षा खरोखर कोणाच्या पाठीवर पडते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज तेवढाच एक प्रश्न घेऊन मी तुमच्यापुढे उभा आहे.

प्रारंभी जरा दूरच्या देशात जाऊ. सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये वधूवरांनी परस्परांना संमती दिली की लग्न पक्के, मग पाद्री असो वा नसो. परंतु चर्चला आणि सरकारला हे पसंत नव्हते. १६६१ साली तेथील पार्लमेंटने कायदा करून चोरून लग्न करणाऱ्यांस तीन महिने कैद आणि ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे दंड सांगितला. असे लग्न लावणाऱ्यास कायमची हद्दपारी होती, आणि तो परत आला तर देहान्त! इतके होऊनही ते लग्न मात्र मोडत नसे. नवराबायको दंड भरीत आणि नवराबायकोच राहत. पुढे तर असे झाले की जोडप्यांनी आपण होऊन मॅजिस्ट्रेटपुढे जावे, आम्ही बेकायदा लग्न केले असे कबूल करावे, दंड भरावा आणि त्या दंडाचा कागद लग्नाचा पुरावा म्हणून जपून ठेवावा. म्हणजे शिक्षेचाच दाखला झाला! हा कागद लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आता घरी येऊ. आपल्याकडे लग्नाचा निवाडा मुख्यतः गोताकडे, जातीकडे आणि धर्माधिकाऱ्याकडे असे. दोष लागला की वाळीत टाकणे, प्रायश्चित्त घेतले की शुद्धिपत्र आणि मग जातीला जेवण. येथेही दंड भरून मनुष्य पुन्हा पंक्तीला बसे. सरकारही अगदी अलिप्त नव्हते. मराठेशाहीच्या करांच्या यादीत लग्नटका आहे, तसाच पाटदामही आहे. विधवेने पाट लावला की सरकारात पैसा भरावयाचा. पाट चालत होता, पण त्याची पायरी लग्नाच्या खाली, आणि त्या पायरीची किंमत वसूल होत होती.

परंतु त्याच काळातली एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशा चाळून दाखविले आहे की, मुलगी पैसे घेऊन देण्याच्या चालीविरुद्ध पेशव्यांच्या सरकारने कडक हुकूम काढले होते. दंड कोणाला? मुलगी देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि मध्यस्थाला. मुलीला नव्हे. ज्यांच्या हातात व्यवहार होता त्यांच्याच गळ्यात दंड. आजच्या व्याख्यानाची कसोटी ती हीच.

या कसोटीवर इंग्रजी अमदानी घासून पाहा. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. तो मोठा कायदा होता यात शंका नाही. परंतु त्याच्या दुसऱ्याच कलमात असे होते की, विधवेने पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील तिचा हक्क ती जणू मेली असे समजून संपावा. एका हाताने मंगळसूत्र दिले आणि दुसऱ्या हाताने शेत काढून घेतले! ज्या जातींत पाटाची चाल पूर्वीपासूनच होती, ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, त्यांच्या विधवांनाही मुंबईच्या हायकोर्टाने हाच नियम लावला. अलाहाबादच्या हायकोर्टाने तो लावला नाही. कायदा एक, आणि गंगायमुनेच्या काठची विधवा शेत राखते तर कृष्णाकाठची गमावते!

कायद्याने वाट मोकळी केली तरी जात थोडीच गप्प बसणार? ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांची नोकरी शाबूत राहिली. परंतु कोकणात मुरूडला गावकऱ्यांची सभा भरली आणि त्यांच्यावर बहिष्कार पडला. घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर घरच्यांवरही बहिष्कार! लग्न केले मुलाने, आणि दार लावून घ्यावे लागले आईला व भावाला. बहिष्काराची ही जुनीच खुबी आहे. तो ज्याच्यावर टाकावयाचा त्याच्यापेक्षा त्याच्या मागे गावात राहणाऱ्याला अधिक भोवतो.

त्याच्या सहा वर्षे आधीची गोष्ट याहून बोलकी आहे. रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना झाले. मोठेपणी त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो १८८५ साली फेटाळला, पण अपिलानंतर १८८७ च्या मार्चात न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदावयास जा, नाही तर सहा महिने कैदेत जा. रखमाबाईंनी कैद पत्करीन म्हणून सांगितले. प्रकरण १८८८ साली तडजोडीने मिटले, आणि त्या पुढे विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या. पण पाहा, बालपणी लग्न लावून देणारे मोकळे, आणि तुरुंगाचे दार उघडले ते लग्न लागलेल्या पोरीसाठी! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

हे उलटे गाडे सुलट करण्याचा प्रयत्न १९२९ च्या शारदा कायद्याने केला. शिक्षा आईबापांना, लग्न लावणाऱ्याला आणि वयाने मोठ्या नवऱ्याला. दिशा बरोबर होती. परंतु स्कॉटलंडप्रमाणेच, दंड भरला की लग्न मात्र कायम. २००६ च्या कायद्याने कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत नेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बालपणी लग्न झालेल्याला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागण्याचा हक्क दिला. आज आपल्या खेड्यांत ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. म्हणजे ज्या मांडवात त्याला अक्षता टाकावयास बोलावतात, त्याच मांडवात त्याने नको तेव्हा नको म्हणावयाचे! हे काम एकट्याने होणारे नाही. गाव पाठीशी उभे राहिले तरच होईल.

आता दुसऱ्या बायकोचा प्रश्न. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला. आपले वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होते, म्हणून मुंबईचा तो कायदा येथे नव्हता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बंदी देशभर आली. आता प्रश्न मिटला असे वाटले. तोच महाराष्ट्रातला लोखंडे खटला १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नवऱ्याने पहिली बायको असताना गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले होते. खालच्या कोर्टांत शिक्षाही झाली होती. परंतु सर्वोच्च न्यायालय म्हणाले, होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध नाही, म्हणून दुसरे लग्न कायद्याने लग्नच नाही. आणि लग्न नाही तर गुन्हा नाही. नवरा सुटला. कायद्याच्या तर्कात खोट काढणे कठीण आहे. पण हिशेब मांडून पाहा. पहिलीला न्याय नाही, दुसरीला बायकोपण नाही, आणि ज्याने विधी अर्धा ठेवला तोच त्या अर्धवटपणाच्या आडून निसटला.

म्हणून म्हणतो, स्कॉटलंडच्या त्या कागदाची आठवण ठेवा. दंडाचा का होईना, पण तो कागद बाईच्या उपयोगी पडत होता. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व लग्नांची नोंद सक्तीची करा असे राज्यांना सांगितले, त्याचे मर्म हेच. जातपंचायतीच्या बहिष्कारालाही महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने २०१७ पासून गुन्हा ठरविले आहे. कायदे आता पुष्कळ आहेत. उणीव राहते ती आपल्या वागण्यात.

तेव्हा श्रोतेहो, यापुढे गावात एखाद्या लग्नावरून चार माणसे बसली, तर त्यांना दोनच गोष्टी विचारा. या लग्नात सत्ता कोणाच्या हातात होती? आणि तुम्ही दंड कोणाला सांगत आहात? दोन्ही उत्तरांत नाव एकच आले तर तो न्याय. नावे दोन आली, तर बैठकीतून उठून यावयास भिऊ नका, आणि उठताना त्या पोरीलाही बरोबर घेऊन या.