दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला

२०२३ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सत्रपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात होता आणि निम्म्याहून अधिक तपासायच्या राहिल्या होत्या. त्यामुळे टेलिफोन वाजला तेव्हा मला आधी रागच आला, हे कबूल केलं पाहिजे. फोन मेलबर्नहून होता. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा. वडिलांनी जमीन गहाण टाकून त्याला पुढच्या शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात धाडलं होतं.

“सर, झोपला नव्हता ना?”

“नाही रे. बोल.”

“काही नाही, सहज केला.”

मेलबर्नला त्या वेळी पहाटेचे पाच वाजलेले असतात. पहाटे पाच वाजता परमुलखातून कोणी आपल्या जुन्या मास्तरला सहज फोन करीत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. पण लक्षात येऊनही मी केलं काय? उपदेश केला. धीर धर, आईवडिलांकडे बघ, इतक्या लांब गेलास तो का उगीच, वगैरे वगैरे. तो “हो सर, हो सर” म्हणत राहिला. आम्हा शिक्षकांना हा “हो सर” चांगला ठाऊक असतो. वर्गात काही म्हणजे काही कळलेलं नसतं तेव्हा मुलं तो म्हणतात.

मग जरा वेळ कोणीच बोललं नाही. आणि जो प्रश्न विचारायची मला भीती वाटत होती तो मी विचारला, “अरे, जीव देण्याचा विचार येतोय का तुझ्या मनात?”

“हो सर,” तो म्हणाला. हा “हो सर” निराळा होता.

त्या रात्रीचं पुढे सांगतो. आधी हा जो प्रश्न आहे त्याबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी की, असलं काही विचारू नये. नसलेला विचार मनात भरवल्यासारखं होईल. ही समजूत खरी नाही. ज्यांनी या विषयाचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलं, ते एकमुखाने सांगतात की, सरळ विचारल्याने विचार नव्याने उपजत नाही. उलट, इतके दिवस ज्याची वाच्यता करता आली नाही ते कोणी तरी आपणहून विचारलं, याने त्या माणसाचा ऊर हलका होतो. दुसरी समजूत म्हणजे “बोलतो तो करीत नाही”. ती तर याहून घातक. कित्येकांनी आधी कोणाजवळ तरी बोलून दाखवलेलं असतं. ऐकणाराने ते मनावर घेतलेलं नसतं, एवढंच.

ऐकणं हीसुद्धा एक सेवा होऊ शकते आणि ती टेलिफोनवरून करता येते, ही कल्पना तशी फार जुनी नाही. न्यूयॉर्कमध्ये हॅरी वॉरन नावाच्या धर्मोपदेशकाने १९०६ च्या सुमारास अशा माणसांसाठी एक संस्था काढली होती. पण ज्या कामाचा पुढे जगभर वंशविस्तार झाला ते सुरू झालं लंडनमध्ये, २ नोव्हेंबर १९५३ रोजी, चॅड व्हाराह या पाद्र्याच्या हातून.

या गृहस्थाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९३५ साली, म्हणजे अगदी उमेदवारीच्या काळात, लिंकन गावी त्यांना एका चौदा वर्षांच्या मुलीच्या अंत्यविधीला उभं राहावं लागलं. त्या मुलीला विटाळ सुरू झाला होता. तो काय असतो हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. आपल्याला काही तरी लाजिरवाणा रोग झाला, अशा समजुतीने तिने जीव दिला. घरात, शाळेत, शेजारीपाजारी, विचारावं असं एकही माणूस तिला नसावं! ही गोष्ट व्हाराहांच्या मनातून अठरा वर्षं गेली नाही. पुढे लंडनमध्ये दररोज सरासरी तीन माणसं जीव देतात असं त्यांच्या वाचनात आलं, आणि त्यांच्या मनात आलं की, आग लागली तर बंबाला फोन करता येतो, मग जिवावर उदार झालेल्या माणसाने कोणाला फोन करायचा? ते तेव्हा बेचाळिशीत पोहोचत होते. संसार चालवण्यासाठी मुलांच्या चित्रकथांचं लेखनही करीत होते. युद्धातल्या बॉम्बवर्षावात पडझड झालेलं सेंट स्टीफन वॉलब्रुक हे चर्च त्यांच्याकडे आलं आणि तिथल्या टेलिफोनचा क्रमांक, मॅन्शन हाउस ९०००, त्यांनी जाहीर केला.

त्या वेळी इंग्लंडच्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, हे ध्यानात घ्यावं. तो कायदा बदलला १९६१ साली. म्हणजे फोन करणारा एका परीने गुन्ह्याची कबुलीच देत होता.

पण मला सर्वांत मौज वाटते ती पुढची. भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली तसे मदतीला स्वयंसेवक आले. त्यांचं काम एवढंच की, पाद्रीसाहेबांची गाठ पडेपर्यंत बाहेर बसलेल्यांना चहा द्यायचा, दोन शब्द बोलायचे. हळूहळू व्हाराहांच्या लक्षात आलं, चहा देणाऱ्यांशी बोलूनच बरीच मंडळी हलक्या मनाने घरी जातात. आत येण्याची त्यांना गरजच उरत नाही! त्यांनी मोठ्या मनाने हे मान्य केलं आणि १९५४ च्या फेब्रुवारीत टेलिफोन स्वयंसेवकांच्या स्वाधीन केला. विद्वानाने चहावाल्याचं श्रेष्ठत्व मान्य करणं सोपं नाही, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. हीच ती ‘समॅरिटन्स’ संस्था. व्हाराह २००७ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी वारले.

मग हे लोण पसरत गेलं. बर्लिनमध्ये १९५६ साली टेलिफोनसेवा निघाली. लॉस एंजेलिसमध्ये १९५८ साली श्नाइडमन, फार्बरो आणि लिटमन या तज्ज्ञांनी आत्महत्या प्रतिबंधक केंद्र उघडलं. माणसाला एकाच वेळी मरावंसंही वाटतं आणि जगावंसंही वाटतं, ही गोष्ट या अभ्यासकांनी पुन्हापुन्हा मांडली. ही दोलायमान अवस्था म्हणजेच मदतीला उरलेली फट. सिडनीमध्ये अ‍ॅलन वॉकर यांनी १९६३ साली ‘लाइफलाइन’ सुरू केली, तर टोकियोत १९७१ साली ‘इनोची नो देन्वा’ म्हणजे ‘जीवनाचा टेलिफोन’.

आपल्याकडे चेन्नईला डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ आहे. सरकारी पातळीवर मात्र १० ऑक्टोबर २०२२ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते, आणि मराठीतून बोलता येतं. ही शेवटची गोष्ट मला लहान वाटत नाही. पोटातलं दुःख माणूस इंग्रजीत सांगू लागला की, ते अर्जासारखं होतं.

अर्थात हे सारं आपल्याला किती लागतं ते आकडे बोलतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या आत्महत्यांची संख्या १,७०,९२४ आहे आणि त्यांत सर्वांत वरचा क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६. गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या खात्याने हे आकडे गोळा करावेत, यातच जुन्या दृष्टीचा अवशेष आहे. कायदा मात्र बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत भारतीय दंडविधानाचं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबद्दल तेवढं स्वतंत्र कलम आहे. तेव्हा “पोलिसांचं लचांड मागे लागेल” म्हणून कोणी दवाखान्यात न्यायला कचरत असेल, तर त्याने कचरू नये.

आता पुन्हा त्या रात्रीकडे येतो. आमच्या कॉलेजच्या फलकावर १४४१६ लावलेला आहे, तो मला तोंडपाठ होता. पण आपल्याकडचे बिनखर्ची क्रमांक परदेशातून लागतील असं धरून चालता येत नाही. मी बोलत राहिलो आणि मुलीला खुणेने कागदावर लिहून दिलं. तिने तिच्या फोनवर शोधून दोन मिनिटांत माझ्यापुढे कागद सरकवला: १३ ११ १४. लाइफलाइनचा क्रमांक. मी त्याला विचारलं, “घरात आणखी कोण आहे?” तो म्हणाला, पलीकडच्या खोलीत एक केरळचा मुलगा झोपलाय, त्याला सकाळची पाळी आहे, कशाला उठवू. मी म्हटलं, उठव. आयुष्यात इतक्या अधिकाराने मी वर्गातही बोललो नसेन. तो मुलगा उठून शेजारी येऊन बसेपर्यंत मी फोन खाली ठेवला नाही. मग त्या मुलाच्या फोनवरून त्यांनी तो क्रमांक फिरवला. तिकडून माणूस बोलायला यायला थोडा वेळ लागला. असा वेळ लागतो, हेही सांगून ठेवतो. पहिल्या खेपेस कोणी उचललं नाही तर पुन्हा करावा. आणि जीव तत्काळ धोक्यात असेल तर त्या देशाच्या तातडीच्या क्रमांकावरच फोन करायचा. ऑस्ट्रेलियात तो ०००, आपल्याकडे ११२.

ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांच्यासाठी आणखी काही क्रमांक सांगतो, जवळ कागद असेल तर लिहून घ्यावेत. ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३. अमेरिकेत ९८८, जुलै २०२२ पासून. कॅनडातही ९८८च, तो नोव्हेंबर २०२३ पासून. न्यूझीलंडमध्ये १७३७. जर्मनीत ०८०० १११०१११. इतर देशांसाठी ‘बिफ्रेंडर्स वर्ल्डवाइड’ या संघटनेच्या संकेतस्थळावर देशवार माहिती मिळते. आत्महत्या प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९६० साली व्हिएन्नात निघालेली, तिच्याकडेही मिळते. मुलाला निरोप देताना आपण पासपोर्टच्या नकला काढतो, मेतकुटाच्या पुड्या बांधतो, तिकडच्या कोणा दूरच्या मावसभावाचा पत्ता देतो. त्याच कागदावर ही एक ओळ असावी. “हे कशाला, अपशकुन?” असं घरात कोणी म्हणेल. विम्याचा कागद आपण करतोच ना!

आपल्या भाषेत ‘जीव देणं’ या शब्दांचे दोन अर्थ होतात, हे मराठी शिकवताना मी वर्षानुवर्षं सांगत आलो. एक तो, ज्याबद्दल आज बोलत आहे. दुसरा ‘जीवाला जीव देणारा’ यातला. फोनवर ऐकत बसणारे ते स्वयंसेवक डॉक्टर नसतात, औषध देत नाहीत, घर गहाणातून सोडवीत नाहीत. पुढे डॉक्टर लागतो, पुष्कळदा औषधही लागतं, आणि कर्जाचा प्रश्न उरतोच. त्या रात्रीपुरतं मात्र ते समोर असतात.

माझा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी त्या केरळच्या मुलाबरोबर विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे गेला. एक सत्र त्याने सोडून दिलं. वडिलांना सगळं सांगायला त्याला चार महिने लागले. ते म्हणाले, “आधी का नाही बोललास?” याचं उत्तर त्याला देता आलं नाही, मलाही देता आलं नसतं. फोनवर पलीकडे कोण होतं, असं मी त्याला मागाहून विचारलं. तो म्हणाला, आवाजावरून वयस्क बाई वाटत होत्या. त्याचं नाव त्यांना नीट उच्चारता येईना, म्हणून त्यांनी तीनदा विचारून घेतलं. आणि मग तासभर बोलताना एकदाही चुकल्या नाहीत.