गोळी सुरू झाली, पुढे मोजतं कोण?



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे प्रोग्राम सुरू करून दिला म्हणजे काम संपत नाही. तो नीट चालतोय का, हे सतत बघावं लागतं. मानसिक आजाराच्या औषधांचंही तसंच आहे.

स्किझोफ्रेनियासारख्या आजारात अँटिसायकॉटिक औषधं देतात. त्यांच्या आधारानं कितीतरी माणसं पुन्हा घरात, कामात रमतात. पण ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी वजन, साखर, कोलेस्टेरॉल वाढू शकतं. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. म्हणून वर्षातून एकदा तरी चार गोष्टी तपासायला हव्यात: वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल.

२००५ साली ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सनं औषधयोजना सुधारण्याचा एक उपक्रम सुरू केला. २००६ मध्ये, हॉस्पिटलबाहेर राहून ही औषधं घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या. वर्षभरात चारही तपासण्या झालेले रुग्ण निघाले दहात एकाहून जरासे जास्त. मग प्रत्येक टीमला तिचे आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवून दाखवले, आणि काही काळानं पुन्हा मोजलं. सहा वर्षांत हे प्रमाण तिनात एकाच्या थोडं वर गेलं.

मोजल्यानं फरक पडला. तरी तिघांतले जवळपास दोघं राहिलेच. म्हणजे सगळं डॉक्टरांवर सोडून चालणार नाही.

आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने तीच गोळी आणली जाते. लोक काय म्हणतील म्हणून फाईल कपाटात लपते. घरात अम्मी, भाऊ, चाची, कुणी ही औषधं घेत असेल, तर त्यांच्या संमतीनं एक वही करा. चार रकाने, वर तारीख. पुढच्या ओपीडीला ती सोबत न्या आणि विचारा, ‘डॉक्टरसाहेब, या तपासण्या कधी करायच्या?’ उपचार आणि त्यांचे दुष्परिणाम जाणून घेणं, आपली वैद्यकीय कागदपत्रं पाहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला दिलेला हक्क आहे.

एक विनंती. हे ऐकून कुणाचीही गोळी परस्पर बंद करू नका. आजार उलटू शकतो. आकडा वाढलेला दिसला तर डॉक्टरांना दाखवा. डोस किंवा औषध बदलायचं का, ते त्यांना ठरवू द्या.